दुचाकीशेजारची चारचाकी : भारतीय मध्यमवर्गाच्या ‘दुसऱ्या वाहना’चा इतिहास

प्रास्ताविक

मराठी बोलण्यात ‘गाडी’ हा शब्द गेली पन्नास-साठ वर्षे कोणत्या वाहनासाठी वापरला गेला, ही बाब वरवर किरकोळ वाटते. पुणे, कोल्हापूर, नाशिक, सोलापूर येथील नोकरदार घरांत ‘गाडी काढतो’ याचा अर्थ ‘स्कूटर काढतो’ असा होता, आणि तो इतका गृहीत होता की मोटार दारात आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा शब्द लागला. तो शब्द ‘चारचाकी’. चाके मोजून नाव देण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा मूळ वस्तूला दोनच चाके असतात हे सर्वांना मान्य असते. श्रीमंतांच्या घरी ‘मोटार’ होती, तिला चाके मोजावी लागली नाहीत. मध्यमवर्गाच्या घरी मात्र मोटार आली ती दुचाकीच्या नंतर, दुचाकीच्या शेजारी आणि बहुतेक वेळा दुचाकी न विकता.

भारतातील छोट्या मोटारीचा इतिहास सहसा ‘जनतेची मोटार’ या कल्पनेभोवती सांगितला जातो. समित्या, परवाने, राजकीय वाद, परदेशी सहकार्य, उदारीकरण आणि शेवटी नॅनो अशी त्याची ठरलेली वाट आहे. हा इतिहास खोटा नाही. परंतु तो वाहन बनवणाऱ्यांचा आणि परवाना देणाऱ्यांचा इतिहास आहे. वाहन घेणाऱ्याने काय पाहून घेतले, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नियोजनकर्त्यांनी छोटी मोटार कुटुंबाचे पहिले वाहन म्हणून कल्पिली, तर कुटुंबांनी ती दुसरे वाहन म्हणून घेतली. या दोन कल्पनांमधील अंतर लक्षात घेतल्याशिवाय मारुती ८०० चे यश आणि नॅनोचे अपयश, यांपैकी कशाचाही पुरेसा उलगडा होत नाही.

या विषयाची साधने विखुरलेली आहेत. कंपन्यांचे अहवाल व सरकारी आदेश उपलब्ध असतात. पण पतसंस्थेचे वाहनकर्जाचे खाते, विम्याच्या पावत्या, पेट्रोलचा खर्च टिपलेली छोटी वही ही कागदपत्रे गाडी विकली की रद्दीत जातात. कौटुंबिक निर्णयांचा इतिहास ज्या कागदांवर उभा राहू शकतो, ते कागद जपण्याची आपल्याकडे रीत नाही.

परवाना आणि प्रतीक्षा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत भारतीय ग्राहकासमोर मोटारींची निवड अशी नव्हतीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. तीच पुढे १९७० च्या दशकात ‘प्रीमिअर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बेसेडर आणि मद्रासला स्टँडर्ड कंपनीची हेराल्ड, एवढाच पट होता. मोटारींच्या वितरणावर व विक्रीवर १९५९ च्या आदेशान्वये नियंत्रण होते, स्कूटरींसाठी तसाच आदेश १९६० मध्ये निघाला. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवरही वैधानिक नियंत्रण आले आणि रास्त किंमत कोणती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

स्वस्त मोटारीचा प्रश्न १९५९ मध्ये नेमलेल्या झा समितीसमोर आला आणि त्यानंतर पांडे समितीने त्याचा स्वतंत्र विचार केला. परकीय चलनाची टंचाई आणि सार्वजनिक वाहतुकीला द्यावयाचे प्राधान्य यांमुळे निर्णय पुढे ढकलला जात राहिला. याच काळात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ‘मीरा’ या नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतःच्या हिकमतीने तयार करत होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा प्रयत्न १९७० च्या दशकापर्यंत चालला. पण त्याचे कारखान्यातील उत्पादन कधीच झाले नाही. बंगळूरच्या सिपानी कंपनीने तीन चाकांची ‘बादल’ बाजारात आणली, तीही फार काळ टिकली नाही.

मोटारीची वाट अशी अडलेली असताना मध्यमवर्गाने आपला प्रश्न दुचाकीवर सोडवला, आणि येथेच या इतिहासाचा पाया आहे. पिआज्जोच्या सहकार्याने आकुर्डीत बनणाऱ्या व्हेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून बजाजची ‘चेतक’ आली. तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांना ती लवकर मिळे. चेतकवर पुढे उभे मूल, मागे पत्नी, तिच्या मांडीवर दुसरे मूल आणि पायाशी गॅसचे सिलिंडर किंवा धान्याची पिशवी, अशी व्यवस्था रूढ झाली. १९७२ मध्येच आलेल्या लुनाने याच घरात आणखी एक वाहन आणले. १९८४ मध्ये गिअर नसलेली आणि बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली. तेव्हा नोकरी करणाऱ्या, महाविद्यालयात जाणाऱ्या स्त्रियांना किक मारण्याच्या व क्लच सांभाळण्याच्या कटकटीतून मोकळीक मिळाली. पुण्यासारख्या शहरात ‘दुसरे वाहन’ ही संकल्पना म्हणूनच मोटारीच्या आधी रुजली. ते दुसरे वाहनही दुचाकीच होते.

या घराचे वाहनविषयक शहाणपण दुचाकीवर तयार झाले. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, म्हणजे बोलभाषेतील ‘ॲव्हरेज’, हा त्यातला पहिला प्रश्न. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती होते का, सुटे भाग मिळतात का, पाच वर्षांनी विकली तर काय येईल, हे त्यापुढचे प्रश्न. वेग आणि रूप यांचा क्रमांक बराच खाली होता. हेच प्रश्न पुढे मोटारीला विचारले गेले.

जपानची दुसरी मोटार, भारताची पहिली

संजय गांधी यांना १९७० मध्ये छोट्या मोटारीसाठी इरादापत्र मिळाले आणि १९७१ मध्ये मारुती लिमिटेडची स्थापना झाली. हरियाणातील गुडगाव येथे जमीन मिळाली, विक्रेत्यांकडून ठेवी घेतल्या गेल्या. परंतु बाजारात मोटार आली नाही. आणीबाणीनंतर न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता आयोगाने या व्यवहारांची चौकशी केली. १९८० मध्ये अध्यादेशाद्वारे कंपनी सरकारकडे आली, १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेडची नोंदणी झाली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला. हा भाग सर्वपरिचित आहे व त्यावर विपुल लिहिले गेले आहे.

त्यामानाने कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे सुझुकीकडून जी मोटार आली, तिचा जपानमधील पूर्वेतिहास. सुझुकीने मे १९७९ मध्ये जपानमध्ये ‘अल्टो’ ही मोटार ४,७०,००० येन या किमतीस आणली. प्रवासी मोटारीवर लागणारा वस्तुकर व्यापारी वाहनावर लागत नसे, म्हणून ती कागदोपत्री मालवाहू छोटी व्हॅन होती. मागची जागा सामानासाठी अधिक आणि माणसांसाठी कमी ठेवावी लागे, त्यामुळे मागील आसन नावापुरतेच होते. त्याने ग्राहकांचे काही अडले नाही. कारण ही मोटार प्रामुख्याने गृहिणींसाठी होती. घरातली मोठी मोटार नवरा घेऊन गेला की बाजारहाट, मुलांची शाळा, स्टेशनवर ने-आण यांसाठी घरातील दुसरे वाहन हाच तिचा हेतू होता. ‘फ्रोंटे’ ही तिची प्रवासी आवृत्ती. तिचेच ७९६ सीसीचे, चार दारांचे निर्यातीसाठीचे रूप भारतात मारुती ८०० म्हणून अवतरले.

जपानमध्ये जी कुटुंबाची दुसरी मोटार होती, ती भारतात बहुसंख्य ग्राहकांची पहिली मोटार ठरली. पण ती पहिले वाहन मात्र नव्हती. दोन्ही देशांत तिची जागा घरात आधीच असलेल्या एखाद्या वाहनाच्या शेजारी होती. फरक इतकाच की तेथे शेजारी मोटार होती आणि येथे स्कूटर. या एका फरकामुळे मोटारीचा अर्थ उलटा झाला. जपानमध्ये ती एकट्या व्यक्तीची रोजची गाडी होती, भारतात ती सगळ्या कुटुंबाची सणावाराची गाडी झाली. जपानमध्ये मागील आसन गौण होते, भारतात तेच मुख्य ठरले, कारण मोटार घेण्याचे कारणच मागे बसणारी माणसे होती. एकट्याने कचेरीत जाण्यासाठी चेतक पुरेशी होती. आईला दवाखान्यात न्यायचे, पावसात लग्नाला जायचे, गावी जत्रेला जायचे, तर मात्र चौघा-पाचांना एकत्र बसवणारे वाहन हवे होते.

१९८३ च्या उन्हाळ्यात १०,००० रुपये भरून नोंदणी सुरू झाली, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक अर्ज आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीत पहिल्या ग्राहकाला किल्ली देण्यात आली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये होती. १९८६ मध्ये मोटारीचा बांधा बदलून अधिक गोलसर झाला. कंपनी सरकारी आहे, हे त्या काळी विश्वासाचे कारण होते; आणि ज्या महाराष्ट्रात गावागावांच्या वेशीवर मारुतीचे देऊळ असते, तेथे या नावाची ओळख करून द्यावी लागली नाही.

मारुती ८०० आरामशीर होती का? आजच्या मोजमापाने मुळीच नाही. गुडघे पुढच्या आसनाला टेकत, मागे तिघे बसले की मधल्याची कुचंबणा होई, आणि वातानुकूलन सुरू असताना घाट चढणे हा इंजिनाच्या सोशिकतेचा कस होता. खंबाटकीच्या चढाला ‘एसी बंद कर’ हे वाक्य एका पिढीला पाठ आहे. तथापि सुखसोयीचे मोजमाप मागील अनुभवाशी होते. पद्मिनीत बसणाऱ्यांशी या कुटुंबाची तुलना नव्हती. तुलना होती ती पावसात रेनकोट घालून स्कूटरवर बसण्याशी. त्या तुलनेत बंद काच आणि कोरडे कपडे हीच सुखसोय होती. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर यांची आसने अधिक ऐसपैस होती हे खरे. पण त्या सांभाळायला मेकॅनिकचा राबता लागे. सकाळी हमखास सुरू होणे हा आरामाचाच एक प्रकार आहे, हे मारुतीने प्रथम दाखवले.

निवडीचा काळ

१९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि त्याच वर्षी मारुतीची झेन आली. खरी निवड मात्र १९९८ पासून सुरू झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ह्युंदाईची सँट्रो आली. डिसेंबरअखेर टाटांची इंडिका दाखल झाली. त्याच सुमारास देवूची मॅटिझ आली, १९९९ च्या अखेरीस वॅगन-आर आणि २००० मध्ये अल्टो. जेमतेम दोन वर्षांत छोट्या मोटारींची रांग लागली. सरकारी नोकर व प्राध्यापकवर्ग यांच्याकडे याच सुमारास पाचव्या वेतन आयोगामुळे वाढलेले वेतन आले होते. बँका मोटारीसाठी सुलभ हप्त्यांनी कर्ज देऊ लागल्या होत्या, सेवकांच्या सहकारी पतसंस्थांनीही वाहनकर्जाची मर्यादा वाढवली. महाविद्यालयाच्या आवारातील सायकल-स्कूटरच्या पत्र्याच्या शेडशेजारी मोटारी उभ्या करण्यासाठी जागा आखण्याचा प्रसंग अनेक प्राचार्यांवर याच दशकात आला.

या मोटारींमधील स्पर्धा केवळ किमतीची नव्हती. सँट्रो आणि वॅगन-आर या दोन्हींचा बांधा उंच होता. सुरुवातीला या उंचीची थट्टा झाली. पण वयस्क माणसांना गुडघे न वाकवता आत शिरता येते, नेसलेल्या साडीनिशी सहज उतरता येते, हे पाहिल्यावर ती थट्टा थांबली. वॅगन-आरचे मूळ रूप १९९३ मधील जपानी लघुमोटारीचे आहे. तेथे लांबी-रुंदी कायद्याने मर्यादित होती, म्हणून जागा वाढवायची ती उंचीतच, असा तो विचार होता. भारतात त्या उंचीला वेगळेच कारण मिळाले : मागे बसणारे आई-वडील.

इंडिकाचा मार्ग निराळा होता. बाहेरून झेनएवढी, आतून ॲम्बेसेडरइतकी ऐसपैस आणि किमतीला मारुती ८०० च्या जवळपास, असे उद्दिष्ट रतन टाटा यांनी जाहीरपणे मांडले होते. खर्च कमी राखण्यासाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची जुळणीव्यवस्था विकत घेऊन ती सुटी करून पिंपरीस आणण्यात आली. पहिल्या आठवड्यातच लाखाच्या वर नोंदणी झाली. पहिल्या गाड्यांतील दोषांबद्दल तक्रारी आल्या आणि २००१ मध्ये सुधारित ‘व्ही-टू’ आवृत्ती काढावी लागली. मागील आसनाचा विस्तार आणि डिझेल इंजिन या इंडिकाच्या दोन जमेच्या बाजू होत्या. त्याच बाजूंमुळे ती प्रवासी टॅक्सी म्हणून एवढी पसरली की, घरासाठी मोटार घेणाऱ्यांपैकी काहींनी तिच्याकडे पाठ फिरवली. लोकांनी टॅक्सी समजून हात दाखवू नये, हाही निवडीचा एक निकष होता. तो कोणी उघडपणे सांगत नसे.

येथे ‘ॲव्हरेज’च्या प्रश्नाकडे परत जाणे आवश्यक आहे. दुसरे वाहन म्हणून घेतलेली मोटार फारशी चालत नाही. रोजची धाव दुचाकी करते, मोटार रविवारी आणि सुटीत निघते. समजा, अशी मोटार महिन्याला ४०० किलोमीटर चालते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी सुमारे २७ लिटर पेट्रोल घेईल, १८ देणारी सुमारे २२ लिटर. लिटरला ५० रुपये दर धरला, तर महिन्याचा फरक अडीचशे रुपयांच्या आत राहतो. डिझेलचे गणितही असेच आहे. वर्षाला ४,८०० किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार लिटरला १४ किलोमीटर देत असेल, तर इंधनाला सुमारे १७,१०० रुपये लागतील. डिझेल मोटार १६ किलोमीटर देत असेल आणि डिझेल ३६ रुपये असेल, तर १०,८०० रुपये. वर्षाची बचत सुमारे ६,३०० रुपये. डिझेल मोटारीसाठी सुरुवातीला ६०,००० रुपये अधिक मोजले असतील, तर ते वसूल व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे कमी चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत खरेदीची किंमत, विमा आणि पुनर्विक्रीत होणारी घट हेच मोठे खर्च असतात, इंधन नव्हे. तरीही दालनात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच राहिला, आणि कंपन्यांनी जाहिराती त्याच प्रश्नाभोवती रचल्या.

याला ग्राहकाचे अज्ञान म्हणणे घाईचे होईल. दुचाकीच्या काळात इंधनखर्च हा खरोखरच मोठा खर्च होता आणि रोजचा होता. हिशेबाची ती सवय मोटारीपर्यंत आली. शिवाय उभ्या गाडीची होणारी घट डोळ्यांना दिसत नाही, पंपावर द्यावे लागणारे पैसे दिसतात. दुसरेही कारण आहे. चांगले ॲव्हरेज देणारी गाडी यांत्रिकदृष्ट्या निरोगी, असे दुचाकीच्या जगात मानले जाई, आणि त्या मानण्यात तथ्य होते. हा आकडा खर्चाइतकाच विश्वासाचा होता.

पुनर्विक्रीच्या बाबतीत मात्र या ग्राहकाची दूरदृष्टी वादातीत आहे. कल्याणला तयार होणारी प्यूजो ३०९ काही वर्षांतच, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, बंद झाली. देवूची मॅटिझ रचनेने सुबक होती, जिउजारो यांच्या इटालियन संस्थेने ती आखली होती. पण दक्षिण कोरियातील मूळ कंपनी कोसळली आणि भारतातील उत्पादनही थांबले. मोटार शिल्लक राहिली, सुटे भाग मिळेनासे झाले. तीच मोटार थोड्याफार बदलांनी २००७ मध्ये शेवरोले स्पार्क म्हणून परतली आणि त्या कंपनीनेही २०१७ मध्ये भारतातील विक्री बंद केली. ‘गाडी चांगली आहे, पण कंपनी राहील का?’ हा प्रश्न विचारणारे शेजारी-पाजारी त्या वेळी निरुत्साही वाटले असतील. काळाने त्यांना बऱ्याच अंशी खरे ठरवले. मारुती ८०० आणि अल्टो यांच्या खपाचे एक मोठे कारण हे की, त्यांना गावोगावी गॅरेज होते आणि विकायला काढल्यावर घरबसल्या गिऱ्हाईक येत असे.

मोटार शिकवणाऱ्या शाळांच्या गाड्या बहुधा मारुती ८०० च असत, ही बाबही नोंदवण्याजोगी आहे. या गाडीवर हात बसलेली व्यक्ती पुढे तीच गाडी घेण्याकडे झुके. स्त्रियांच्या बाबतीत हा परिणाम अधिक होता, कारण पुरुषांप्रमाणे मित्राच्या वा कंपनीच्या गाडीवर शिकण्याची संधी त्यांना सहसा मिळत नसे.

कायद्यातील ‘छोटी’

कोणती मोटार छोटी, हे २००६ पर्यंत बाजाराने ठरवले. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणताना ही व्याख्या कायद्याने केली : लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. २००८ मध्ये शुल्क आणखी खाली आले. जपानच्या लघुमोटारीची मर्यादा ३.४ मीटर आणि ६६० सीसी आहे, भारताची व्याख्या त्यामानाने फार सैल होती. परिणामी कंपन्यांनी मोटारी लहान करण्याऐवजी मोठ्या मोटारी चार मीटरमध्ये बसवण्याची कला साधली. सेडान गाड्यांच्या डिक्या कापून आखूड केल्या गेल्या, पुढे उंच एसयूव्हीही चार मीटरच्या आत आल्या. करसवलत ज्या कुटुंबासाठी होती असे सांगितले गेले, त्याच्यापेक्षा वरच्या पायरीवरील कुटुंबाला तिचा अधिक लाभ झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

जनगणनेचे आकडे येथे उद्बोधक आहेत. २००१ मध्ये देशातील ११.७ टक्के कुटुंबांकडे दुचाकी होती आणि २.५ टक्के कुटुंबांकडे मोटार, जीप वा व्हॅन. २०११ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २१ आणि ४.७ टक्के झाले. मोटारींचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले, दुचाकींचेही तसेच. मोटार दुचाकीला हटवत नव्हती. दोन्ही बरोबरीने वाढत होत्या.

नॅनो : पर्याय की भर?

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत नॅनोचे अनावरण झाले. पावसात एकाच स्कूटरवर जाणारे चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा यांनी वेळोवेळी सांगितले. एक लाख रुपयांच्या किमतीमुळे जगभर चर्चा झाली. सिंगूरमधील भूसंपादनाच्या आंदोलनामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प तेथून हलला आणि गुजरातमधील साणंद येथे गेला. मार्च २००९ मध्ये मुंबईत विक्रीची घोषणा झाली, दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या. साणंदची वार्षिक क्षमता अडीच लाखांची होती. सर्वाधिक विक्रीच्या २०११-१२ या वर्षातही आकडा ७५,००० पर्यंत पोहोचला नाही. २०१८ मध्ये उत्पादन थांबले.

अपयशाची कारणे म्हणून प्रकल्पाच्या स्थलांतरामुळे झालेला उशीर, काही गाड्यांना लागलेल्या आगी आणि ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख यांचा उल्लेख होतो. स्वस्त म्हणून विकली जाणे ही चूक होती, हे टाटा यांनीही नंतर मान्य केले. ही कारणे मान्य करूनही एक मूलभूत प्रश्न उरतो. नॅनोच्या मुळाशी असलेले चित्र स्कूटरऐवजी मोटार असे होते. परंतु स्कूटर जाणारच नव्हती. गल्लीबोळातून भाजी आणणे, स्टेशनवर गाडी लावून लोकल पकडणे, मुलाला शिकवणीला सोडणे ही कामे मोटारीने होत नाहीत. २००१ मध्ये आलेल्या ॲक्टिवाने तर ती घरातल्या कोणालाही करता येतील अशी केली. म्हणून नॅनो घेणाऱ्या कुटुंबालाही दोन्ही वाहने ठेवावी लागणार होती. आणि एकदा दुसरे वाहन म्हणूनच घ्यायचे ठरले की निकष बदलतात. ते सुटीत गावी गेले पाहिजे, घाट चढला पाहिजे, पाच जणांचे सामान मावले पाहिजे, लग्नाच्या मांडवाबाहेर उभे करताना संकोच वाटता कामा नये.

या निकषांवर नॅनोची बाजू दुबळी होती. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागे होते, इंधनाची टाकी १५ लिटरची, आणि मागचा दरवाजा उघडतच नसे. सामान ठेवायला मागील आसन दुमडावे लागे. उघडणारे मागचे दार २०१५ च्या आवृत्तीत आले. आश्चर्य असे की, ज्या आरामासाठी छोट्या मोटारी पसंत केल्या जात, तो नॅनोत भरपूर होता. बाहेरून मारुती ८०० पेक्षा लहान असूनही आत सुमारे २१ टक्के अधिक जागा असल्याचे कंपनीने सांगितले होते, आणि मागे बसून पाहिलेल्या कोणालाही ते पटण्यासारखे होते. शहरातल्या शहरात एकट्या-दुकट्याने फिरण्यासाठी ती उत्तम होती. म्हणजे जपानमध्ये १९७९ साली अल्टोला जे काम मिळाले, त्या कामाला ती योग्य होती. आणि ज्या थोड्या घरांत आधीच एक मोटार होती, तेथे ती खरोखरच रमली. तिची जाहिरात मात्र दुचाकीवाल्याला उद्देशून होती. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आलेल्या कुटुंबाने याच सुमारास मोटार घेतली, पण त्यातील बहुतेकांनी थोडे अधिक पैसे घालून अल्टो घेतली किंवा तेवढ्याच पैशांत जुनी वॅगन-आर शोधली.

दुसरे वाहन, पुन्हा जपानी अर्थाने

२०१७ पासून अपघातचाचणीचे निकष, २०१९ मध्ये एबीएस व चालकासाठी एअरबॅग, एप्रिल २०२० पासून बीएस-सहा उत्सर्जनमान या तरतुदी लागू झाल्या. त्या आवश्यकच होत्या. मारुती ८०० च्या पत्र्याच्या जाडीवर एका पिढीने किती भरवसा टाकला होता, हे आठवले की त्यांचा उशीरच जाणवतो. पण सुरक्षेचा खर्च लहान गाडीला आणि मोठ्या गाडीला जवळपास सारखाच येतो, त्यामुळे किमतीतील वाढ लहान गाडीलाच अधिक टोचली. दुचाकी आणि सर्वांत स्वस्त नवी मोटार यांतील अंतर वाढले. २०२२-२३ मध्ये युटिलिटी वाहनांची देशांतर्गत विक्री प्रवासी मोटारींपेक्षा अधिक झाली. ज्या घरांत आता छोटी नवी मोटार घेतली जाते, त्यांतील अनेक घरांत मोठी मोटार आधीच उभी असते. छोटी गाडी पत्नीच्या नोकरीसाठी, मुलीच्या महाविद्यालयासाठी किंवा निवृत्त वडिलांच्या बँकेच्या फेऱ्यांसाठी असते. गिअर न बदलता चालणारी आवृत्ती याच कारणाने मागितली जाते, जसे १९८४ मध्ये कायनेटिक होंडाच्या बाबतीत झाले होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. पेट्रोल मोटारीसाठी व्याख्या २००६ चीच राहिली : ४,००० मिलिमीटर, १,२०० सीसी. स्कूटर असलेले पगारदार कुटुंब मात्र पहिली मोटार घेताना अनेकदा वापरलेल्या गाडीकडे वळते आणि तेथे अजूनही तेच जुने प्रश्न विचारले जातात : ॲव्हरेज किती, किती हात फिरली, सुटे भाग मिळतात का.

कुर्ल्याच्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी म्हणून नोंद मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. मारुती ८०० चे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्या शेवटच्या गाड्यांची मुदत २०२९ मध्ये भरेल.